लॉक-इन मोडून जाणारा भाडेकरू आणि त्याचं डिपॉझिट

पुण्यात भाड्याच्या घरांची खरी उलथापालथ एप्रिल ते जूनमध्ये होते. शाळांना सुट्ट्या लागतात, नोकऱ्यांतल्या बदल्या आणि राजीनामे याच सुमारास येतात, कॉलेजची मुलं परीक्षा देऊन गाशा गुंडाळतात आणि सोसायट्यांच्या गेटवर पॅकर्सचे टेम्पो दिसायला लागतात. त्यातल्या निम्म्या टेम्पोंमागे एक वाद ठरलेला असतो. करार अकरा महिन्यांचा, पहिले सहा महिने लॉक-इन, म्हणजे तोवर घर सोडायचं नाही अशी अट, आणि भाडेकरू चौथ्याच महिन्यात निघालेला. घरमालक म्हणतो, करारात लिहिलंय, डिपॉझिट विसरा. भाडेकरू म्हणतो, महिनाभर आधी सांगितलं होतं, माझे पैसे द्या. मधला एजंट दोघांनाही "तुमचं बरोबर आहे" म्हणतो, कारण त्याला त्याच फ्लॅटचं नवं ब्रोकरेज दिसत असतं.

मी स्वतः घरमालक आहे आणि काही वर्षं सोसायटीच्या कमिटीतही आहे. त्यामुळे हा वाद दोन्ही तोंडांनी ऐकायला मिळतो. माझं मत बऱ्याच घरमालकांना रुचणार नाही, पण मांडते. मुदतीआधी जाणाऱ्या भाडेकरूकडून आपलं झालेलं नुकसान पै न् पै वसूल करावं आणि त्यावर एक रुपयाही ठेवून घेऊ नये. लॉक-इनच्या नावाखाली आख्खं डिपॉझिट खिशात घालण्याला कायद्याचा आधार फार तोकडा आहे. तरीही हा प्रकार सर्रास चालतो, कारण पन्नास-साठ हजारांसाठी समोरचा माणूस कोर्टाची पायरी चढणार नाही, याची आपल्याला खात्री असते.

"करारात लिहिलंय आणि त्याने सही केलीय" हा घरमालकाचा हुकमी एक्का. तो वाटतो तेवढा हुकमी नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याच्या कलम ७४ मध्ये या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांपासून पडून आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असं करारात लिहिलं असेल, तर ती रक्कम ही कमाल मर्यादा धरायची आणि तिच्या आत जी वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. लिहिलेली रक्कम आपोआप मिळत नाही. फत्तेचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. पुढे २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात ते आणखी ठाशीवपणे सांगितलं: नुकसान झालंच नसेल तर भरपाई कसली? त्या प्रकरणात प्राधिकरणाने लिलावातल्या एका भूखंडाची ७८ लाखांची इसाऱ्याची रक्कम जप्त केली होती. पुढे तोच भूखंड पहिल्या बोलीच्या तिपटीहून जास्त भावाने विकला गेला. न्यायालयाने विचारलं, मग तुमचं बुडालं काय? इसार परत करावा लागला.

प्रकरण कोट्यवधींच्या भूखंडाचं असलं तरी त्यातलं तर्कशास्त्र वाकडच्या वन बीएचकेला जसंच्या तसं लागू पडतं. जुना भाडेकरू २२ हजार देत होता. तो गेला आणि पंधरा दिवसांत नवा २३ हजारांवर आला. तरीही आपण जुन्याचं ६६ हजारांचं डिपॉझिट दाबून बसलो. आपलं बुडालं काय?

कलम ७४ च्या शेजारचं कलम ७३ घरमालकांनी आणखी लक्षपूर्वक वाचायला हवं. नुकसान मोजताना, ते टाळायला किंवा भरून काढायला जे मार्ग हाताशी होते तेही विचारात घ्यायचे, असं त्याच्या स्पष्टीकरणात म्हटलंय. म्हणजे भाडेकरूने नोटीस दिली त्या दिवसापासून आपण नवा भाडेकरू शोधायला लागलो की हातावर हात ठेवून बसलो, याला महत्त्व आहे. आणि इथे आपल्याकडची एक गोष्ट बोलायलाच हवी. घर रिकामं पडतं ते अनेकदा भाडेकरू मिळत नाही म्हणून नाही, तर आपल्या अटींत कुणी बसत नाही म्हणून. फॅमिलीच पाहिजे, बॅचलर नको, मुली चालतील पण मित्र येणार नसतील तर, नॉनव्हेज नको, अमुक आडनाव नको. ही चाळण लावून फ्लॅट दोन महिने कुलपात ठेवायचा आणि त्या दोन महिन्यांचं भाडं गेलेल्या भाडेकरूच्या नावावर टाकायचं, हा कुठला हिशेब? आपली आवड आपल्या खर्चाने जपावी.

आता प्रत्यक्ष आकडे मांडून बघू, कारण या विषयात तत्त्वापेक्षा हिशेब लवकर पटतो. भाडं २२ हजार, डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे ६६ हजार, करार अकरा महिने, लॉक-इन सहा महिने, नोटीस एक महिना. भाडेकरूने तिसऱ्या महिन्याच्या शेवटी लेखी कळवलं आणि चौथा महिना भरून, त्याचं भाडं देऊन तो गेला. घर पंधरा दिवस रिकामं राहिलं: ११ हजार. एजंटला आपण एका महिन्याचं भाडं दिलं होतं, ते अकरा महिन्यांसाठी होतं. त्यातले सात महिने वाया गेले, म्हणजे २२ हजारांतले १४ हजार. नवा करार नोंदवायचा. आपल्या राज्यात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता नुसता राहायचा परवाना देणाऱ्या कराराची, स्टँप ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, शिवाय डिपॉझिटवरच्या काल्पनिक व्याजावर थोडी. ती होते सव्वासहाशेच्या आसपास. वर शहरी भागात नोंदणी फी एक हजार. हे सगळं धरून नुकसान साडेसव्वीस हजारांच्या थोडं वर जातं. नवा भाडेकरू हजार रुपये जास्त देत असेल, तर उरलेल्या साडेसहा महिन्यांत साडेसहा हजार आपल्याकडे जादा येणार. ते वजा केले की खरं नुकसान उरतं साधारण वीस हजार शंभर. म्हणजे ६६ हजारांपैकी सेहेचाळीस हजारांच्या आसपास रक्कम त्या माणसाची आहे. तिच्यावर आपला काडीचा हक्क नाही.

वीजबिल, पाणी, फुटलेली काच, तुटलेला दरवाजा हे वेगळं; त्याची कपात सरळ आहे. रंगकामाचं तेवढं सरळ नाही. चार महिने राहिलेल्या माणसाकडून आख्ख्या घराच्या रंगाचे वीस हजार कापायची प्रथा पडली आहे, आणि ती लॉक-इनच्या वादात हळूच सरकवली जाते. घर वापरलं की भिंती थोड्या मळणारच, चार खिळे ठोकले जाणारच. भाडं त्या वापराचंच असतं. लहान मुलाने हॉलभर स्केचपेन फिरवला असेल तर गोष्ट वेगळी. आणि कापलेल्या पैशातून रंग खरोखर लावला का, हे कधी कुणी तपासलंय? माझ्या पाहण्यात असा एक फ्लॅट आहे, जिथे तीन भाडेकरूंकडून रंगाचे पैसे घेतले गेले आणि भिंती अजून बिल्डरने दिलेल्याच रंगात आहेत.

घरमालक वाईट आहेत, असा याचा अर्थ नाही. आपल्याकडचा बहुसंख्य घरमालक म्हणजे इमारती बाळगणारा कुणी सावकार नाही. निवृत्त माणसाने फंडातून घेतलेला दुसरा फ्लॅट, किंवा तिशीतल्या जोडप्याने हप्त्यावर घेतलेलं आणि हप्त्याचा भार सोसेना म्हणून भाड्याने दिलेलं घर, असा हा मामला असतो. पाच तारखेला बँकेचा हप्ता जातो आणि तो भाड्यावर अवलंबून असतो. अशा माणसाला मध्येच "आम्ही पंधरा दिवसांत सोडतोय" असा मेसेज आला की पोटात गोळा येतो. शिवाय मध्येच सोडणारे सगळेच भाडेकरू साळसूद नसतात. शेवटचे दोन महिने भाडं थांबवून "डिपॉझिटमधून वळतं करून घ्या" म्हणणारे असतात. घरातले नळ, फॅन, कधी चक्क गिझर काढून नेणारे असतात. किल्ली वॉचमनकडे टाकून फोन बंद करणारे असतात. अशांच्या डिपॉझिटमधून थकलेलं भाडं, नोटिशीचा महिना आणि मोडतोड सगळं वसूल करावं, मन घट्ट करून करावं. पण तिथेही कागदावर हिशेब लिहावा. ओरडून सांगितलेला आकडा कोर्टात टिकत नाही, शेजाऱ्यांतही नाही.

मग एवढं साधं गणित असताना घरमालक एकदम जप्तीवर का उतरतात? लोभ हे एक उत्तर आहे, पण पुरेसं नाही. माझ्या मते मुळाशी एक जुनं भय आहे, आणि ते महाराष्ट्रात फार खोल रुतलेलं आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. मुंबईत तर प्रमाण भाडं म्हणून १ सप्टेंबर १९४० चं भाडं धरलं जायचं. त्यातून सुटका म्हणून मालक लोक भाडेकरार टाळून लिव्ह अँड लायसन्सवर जागा द्यायला लागले. तर १९७३ मध्ये कायद्यात कलम १५अ आलं आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेले लोक एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. ज्यांनी वर्षभरासाठी म्हणून जागा दिली होती, त्यांची घरं पिढ्यान्पिढ्या अडकली. दादर-गिरगावपासून सदाशिव पेठेपर्यंत अशा घरांच्या कहाण्या घरोघरी आहेत. गोठवलेल्या भाड्याची ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

या कायद्याने घरमालकाच्या त्या जुन्या भीतीवर खरोखरच औषध दिलं. कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर जो जागा सोडत नाही, त्याच्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. प्रकरण झटपट पद्धतीने चालतं, लेखी करारात जे नमूद आहे ते निर्णायक पुरावा मानलं जातं, आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं नुकसानभरपाई म्हणून लागतं. पण भय कायद्याच्या वेगाने जात नाही. आपले करार आजही "भाडेकरू कधी जाणारच नाही" या कल्पनेने लिहिलेले असतात. घरमालकाच्या बाजूने कलमांवर कलमं, भाडेकरूच्या बाजूने एक ओळ. आणि गंमत अशी की जो भाडेकरू स्वतःहून, वेळेआधी, चावी हातात देऊन निघालाय, त्यालाच आपण ठाण मांडून बसणाऱ्याची शिक्षा देतो. एरवी ज्या गोष्टीसाठी देवाला नवस बोलू, ती तो फुकट देत असतो: रिकामं घर.

अकरा महिन्यांचंही तसंच. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवायला अकरा महिने ही पळवाट निघाली. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ती पळवाट बंद केली. लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अशा वेळी अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. उलट सिद्ध करण्याचं ओझं मालकावर. नोटरीकडच्या कागदावर "लॉक-इन सहा महिने" लिहून निर्धास्त बसलेल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना हे ठाऊक नाही. त्यांनी डिपॉझिट जप्त करण्याच्या गप्पा तर अजिबात मारू नयेत. भाडेकरू उद्या म्हणाला की लॉक-इन ठरलंच नव्हतं, तर हे काय दाखवणार?

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो दमदार आहे. लॉक-इनमध्ये दम नसेल, तर भाडेकरू वाटेल तेव्हा उठून जातील. कराराला अर्थ काय उरला? अर्थ उरतो. नुकसानाची पूर्ण भरपाई द्यावी लागणार हे माहीत असलेला माणूस उगाच घर बदलत नाही; वीस हजार ही कुणासाठीही चिल्लर नाही. आणि जो खरोखर जातो, तो बहुतेक वेळा हौसेने जात नाही. नोकरी जाते, बदली होते, गावी वडील आजारी पडतात, घटस्फोट होतो. २०२० मध्ये तर हिंजवडी-खराडीतली घरं महिन्याभरात रिकामी व्हायला लागली, कारण ऑफिसं घरी गेली आणि लोक आपापल्या गावी. त्या वर्षी १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने लांबवा, थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका, असं घरमालकांना सांगितलं होतं. लॉक-इनवरून तेव्हा झालेली भांडणं मी पाहिली आहेत. ज्यांनी हिशेब करून, थोडं इकडे थोडं तिकडे करून डिपॉझिट परत दिलं, त्यांचे भाडेकरू पुढच्या वर्षी परत आले किंवा त्यांनी आपले मित्र पाठवले. ज्यांनी दाबलं, त्यांचे फ्लॅट तेव्हाच्या पडलेल्या बाजारात महिनोन्महिने अंधारात होते. त्यात पुण्यातल्या आयटीवाल्यांचे ग्रुप फार बोलके असतात. कुठल्या सोसायटीतला कुठला मालक डिपॉझिट देत नाही, हे घर बघायला येण्याआधीच त्यांना माहीत असतं.

दुकानं आणि ऑफिसं यांची गोष्ट वेगळी आहे, एवढं इथे नोंदवून पुढे जाते. कंपनीसाठी मालकाने लाखो रुपये घालून अंतर्गत रचना करून दिली असेल आणि त्याबदल्यात तीन वर्षांचं लॉक-इन घेतलं असेल, तर लॉक-इनपोटी करारात ठरलेली रक्कम खऱ्या नुकसानाचा आधी बांधलेला अंदाज असू शकते. दोन्ही बाजूंना वकील असतात. तिथे लॉक-इन पाळायला लावणं वावगं नाही. तेच कलम उचलून दोन पगारांवर चालणाऱ्या संसाराच्या करारात चिकटवणं मात्र वावगं आहे.

आता सोसायट्यांबद्दल. याविषयी मला कमिटीची सदस्य म्हणून जास्त राग आहे. बऱ्याच ठिकाणी असा अलिखित नियम झालाय की मालकाचा "ओके" आल्याशिवाय भाडेकरूचा टेम्पो गेटबाहेर सोडायचा नाही. एका रविवारी दुपारी मी खाली उतरले, तर टेम्पोत फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोरखंडाने बांधलेलं, गादी वर उभी, मजूर चाकापाशी बसून तंबाखू मळतायत, आणि एक मुलगी आठ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन वॉचमनच्या केबिनच्या सावलीत उभी. नवरा फोनवर मालकाला समजावतोय. वॉचमन माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, ओनरने सांगितलंय, पैशाचं क्लिअर होईपर्यंत सोडू नका." पैशाचं म्हणजे काय, तर डिपॉझिट सोडून दिल्याचं लिहून हवं होतं. टेम्पोवाला दर तासाला जादा पैसे मागत होता. अशा अवस्थेत कुणीही काहीही लिहून देईल.

गेट उघडायला लावलं. नंतर मीटिंगमध्ये वाद झाला. एका सदस्याने विचारलं, मालक आपला मेंबर आहे, भाडेकरू कोण? मी म्हटलं, भाडेकरू माणूस आहे आणि सामान त्याचं आहे. घरमालक आणि भाडेकरूमधला पैशाचा वाद सोडवण्याचा कुठलाही अधिकार सोसायटीला नाही, दुसऱ्याचं सामान अडवण्याचा तर नाहीच. भाड्याने दिलेल्या फ्लॅटसाठी सोसायटीला बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) मिळतं, तेही सरकारने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर आणून बांधून ठेवलंय. त्या शुल्कात वसुलीचं कंत्राट येत नाही.

पण टेम्पो अडवला जातो याचं कारण दोन्ही बाजूंना लवकर दाद मागायला जागाच नाही, हेही खरं. नीट बघा: मालकाला ताबा हवा असेल तर कलम २४ आणि सक्षम प्राधिकारी आहे. भाडेकरूला डिपॉझिट परत हवं असेल तर त्या प्राधिकाऱ्याकडे त्याच्यासाठी खिडकी नाही. वकिलाची नोटीस, मग दावा, मग तारखा. सेहेचाळीस हजारांसाठी कोण करेल? दुसऱ्या शहरात गेलेला तर नाहीच नाही. उलट भाडेकरू थकबाकी ठेवून पळाला तर मालकालाही तेवढ्याच रकमेसाठी तोच लांबचा रस्ता. म्हणून दोघंही जे हातात आहे ते धरून ठेवतात: मालक डिपॉझिट, भाडेकरू शेवटच्या महिन्यांचं भाडं. एकमेकांवर अविश्वास ठेवणं हे दोघांच्याही दृष्टीने शहाणपणाचं ठरतं, अशी व्यवस्था आपण उभी केली आहे.

केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात यावर बऱ्यापैकी विचार केलेला दिसतो. राहत्या घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं. ज्या दिवशी ताबा घ्यायचा त्याच दिवशी रीतसर कपात करून उरलेलं परत. आणि वादांसाठी भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय, न्यायाधिकरण अशी वेगळी उतरंड. हा नमुना आहे, स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचं. तो आख्खा उचलावा असं मी म्हणणार नाही. मुंबईतल्या जुन्या पागडीच्या लाखभर भानगडी त्यात अडकतील आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल. पण डिपॉझिटच्या वादापुरता भाग लिव्ह अँड लायसन्सला लावायला काय हरकत आहे? सक्षम प्राधिकाऱ्याच्या अधिकारात एवढी भर घातली तरी पुष्कळ.

इंग्लंडमध्ये राहून आलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. तिथे एप्रिल २००७ पासून भाडेकरूचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत संरक्षित करावं लागतं, आणि वाद झाला तर योजनेतला लवाद कागदपत्रं बघून निर्णय देतो. २०१९ पासून बहुतेक घरांसाठी डिपॉझिटची मर्यादा पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी आहे. न्यूयॉर्क राज्यातही २०१९ च्या कायद्याने भाडेकरू मध्येच गेल्यास मालकाने घर पुन्हा भाड्याने देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणं बंधनकारक झालं. मला नवल वाटतं ते लंडनमध्ये भाड्याने राहणाऱ्या आपल्याच मुलांचं. तिथे डिपॉझिटचा एक पौंड कमी आला तर फोटोंसकट तक्रार करतात, आणि बाणेरचा फ्लॅट सोडणाऱ्या भाडेकरूला इथल्या आईवडिलांकरवी कळवतात, "लॉक-इन होतं ना, मग काही द्यायचं नाही."

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घरमालकाच्या हातात बरंच आहे. सोडणार असल्याचं कळलं की आधी ते लेखी घ्यावं, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर का होईना, तारखेसकट. त्याच आठवड्यात घर बाजारात टाकावं आणि जुना भाडेकरू असतानाच नव्यांना दाखवावं. नांदतं घर रिकाम्या घरापेक्षा लवकर जातं. जाणाऱ्याने स्वतः चांगला भाडेकरू आणून दिला, तर एजंटचा खर्चही वाचतो आणि कापायला फारसं उरत नाही. शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून खोल्या फिराव्या, मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा. करार रद्द झाल्याचा आणि ताबा मिळाल्याचा कागद दोघांच्या सहीने करावा. हे घरमालकाच्याच भल्याचं आहे, कारण नोंदवलेला करार सरकारदरबारी अजून जिवंत असतो. आणि डिपॉझिटची ट्रान्स्फर चावी घेतानाच, समोर उभं राहून करावी. "नवीन भाडेकरूचं डिपॉझिट आलं की देतो" हे वाक्य ज्यांना म्हणावं लागतं, त्यांनी ते पैसे खर्च केलेले असतात. ते त्यांचे कधीच नव्हते.

माझ्या करारात आता जप्तीचं कलम नाही. त्याऐवजी लिहिलंय: लॉक-इनच्या आत सोडल्यास नोटिशीचा महिना, त्यानंतर घर रिकामं राहील तेवढ्या दिवसांचं, पण जास्तीत जास्त तीस दिवसांचं भाडं, आणि ब्रोकरेजचा न वापरलेला हिस्सा. नवं भाडं जास्त आलं तर फरक वजा. एजंटने वाचून विचारलं, "मॅडम, हे मालकाच्या बाजूने आहे की भाडेकरूच्या?" टाइप करायला मात्र त्याने खळखळ केली, कारण त्याच्याकडचा तयार मसुदा बदलावा लागत होता.

तो तयार मसुदा हीच खरी अडचण आहे. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन अर्जात डिपॉझिटची रक्कम भरावी लागते, कारण तिच्यावर ड्युटी आकारायची असते. ते कधी आणि काय कापून परत द्यायचं, हेही तिथेच सक्तीने भरायला लावलं, तर राज्यभरातल्या एजंटांचे मसुदे एका महिन्यात सुधारतील. त्यासाठी विधानसभेत जायचीही गरज नाही.